रात्री साडेदहाला बाहेरून लागणारं कुलूप

प्रति,
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका,
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी, नवी मुंबई महानगरपालिका,
आणि नेरूळ, बेलापूर, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली इथल्या महाविद्यालयांचे सर्व प्राचार्य,

स.न.वि.वि.

मी नेरूळमध्ये घरूनच खानावळ चालवते. सकाळी ५८ डबे, संध्याकाळी ६२. जवळजवळ सगळे कॉलेजच्या मुलांचे. लातूर, सातारा, जळगाव, रत्नागिरी, कुठून कुठून शिकायला आलेली पोरं. मुलगे खाली येऊन डबा घेऊन जातात. मुलींच्या पीजीत (पेइंग गेस्ट घरांत) मात्र डबा पोचवणाऱ्या पोराला वर सोडत नाहीत, म्हणून अशा अकरा घरांत मी स्वतः जिने चढून जाते. रोज, दोन वेळा, गेली नऊ वर्षं. त्यामुळे या घरांत आत काय आहे ते मला जसं माहीत आहे तसं कदाचित त्यांच्या मालकांनाही माहीत नसेल. ते महिन्यातून एकदा भाडं घ्यायला येतात.

माझं मागणं एकच आहे, ते आधी सांगते. ज्या घरात विद्यार्थी झोपतात त्या घराचं दार रात्री आतून, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. बाकी जे लिहिणार आहे ते याच्याच आजूबाजूचं आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री १ वाजून ४२ मिनिटांनी माझा फोन वाजला. वेळ अंदाजाने सांगत नाही, फोनमधल्या नोंदीचा फोटो मी काढून ठेवला आहे. लातूरची मुलगी होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची. “काकू, धूर झालाय, दार उघडत नाहीये,” एवढंच बोलली. मागून बाकीच्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्यांची इमारत आमच्या मागच्याच बाजूला आहे, सिडकोने बांधलेली जुनी, बिनलिफ्टची. तिसरा मजला. दोन बेडरूम आणि हॉल मिळून नऊ मुली.

आतल्या खोलीत पलंग आणि भिंतीच्या फटीत एक्स्टेंशन बोर्ड सरकवलेला होता. त्यावर दोन लॅपटॉप आणि तीन मोबाइल चार्जिंगला. बोर्डातली एक पिन सैल झाली होती. सैल पिन गरम होते, प्लास्टिक वितळतं, आणि शेजारी फोमची गादी असली की ती धुमसायला लागते. फोमचा धूर काळा, दाट आणि विषारी असतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेतलं माणूस त्याने जागं होत नाही, उलट जास्तच गाढ झोपतं. त्या खोलीतली एक मुलगी परीक्षेचा अभ्यास करत जागी होती, म्हणून सगळ्या उठल्या.

नऊजणी पळत दाराशी आल्या. लाकडी दार उघडलं. पुढे लोखंडी सेफ्टी डोअर, त्याला बाहेरून कडी-कोयंडा, आणि कोयंड्याला कुलूप. केअरटेकर रोज रात्री साडेदहाला ते लावायचा आणि मालकाच्या दुसऱ्या इमारतीत, पलीकडच्या सेक्टरमध्ये झोपायला जायचा. सकाळी सहाला येऊन उघडायचा. त्याचा फोन वाजत राहिला. खिडक्यांना बाहेर काढलेली बॉक्स ग्रिल, चारी बाजूंनी वेल्डिंग केलेली. त्यातून मांजरसुद्धा बाहेर पडलं नसतं.

माझे यजमान वायरमन आहेत. ते पिशवी घेऊन धावले, त्यांच्यामागे मी. त्यांनी आधी खाली मीटरपाशी जाऊन त्या घराचा मेन बंद केला, मग वर आले. समोरच्या घरातले आजी-आजोबा दार उघडून उभे होते, त्यांना काय करावं कळत नव्हतं. वॉचमनने शेजारच्या बांधकामावरची पहार आणली. १ वाजून ५३ मिनिटांनी कोयंडा उचकटला. अकरा मिनिटं. जाळीच्या पलीकडे नऊ मुली आणि अलीकडे आम्ही, आणि मध्ये एक साधं पितळी कुलूप.

त्या वाचल्या, कारण शेवटी बाहेर आलेल्या मुलीने खोलीचं दार ओढून घेतलं होतं आणि लातूरच्या मुलीने ओले टॉवेल दाराच्या खालच्या फटीत कोंबले होते. आगीच्या खोलीचं दार बंद केलं की धूर अडतो, आगीला हवा कमी मिळते, घरातल्या बाकीच्यांना काही मिनिटं जास्त मिळतात. दार ओढणाऱ्या मुलीला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिला नुसता धूर सहन झाला नाही म्हणून तिने दार ओढलं. नऊजणींचा जीव एवढ्याशा गोष्टीवर राहिला.

एक पलंग, दोन गाद्या आणि एका मुलीच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटची फाइल जळाली. भिंत छतापर्यंत काळी झाली. सकाळी मालक आले. मुलींना म्हणाले, “घरी कळवू नका, उगाच घाबरतील.” मुलींनाही ते पटलं, कारण घरी कळलं असतं तर निम्म्याजणींना शिक्षण सोडून परत जावं लागलं असतं. सोसायटीला नोटीस नको होती. कॉलेजला कळलंच नाही. संध्याकाळी मी डबे घेऊन गेले तेव्हा दाराला नवा कोयंडा होता, आधीच्यापेक्षा जाड.

आणि १०१ ला फोन मीही केला नाही. त्या धावपळीत सुचला नाही, आणि आग विझल्यावर वाटलं, आता कशाला. म्हणजे या आगीची आपल्या अग्निशमन दलाकडे एक ओळही नाही. हे मी कबूल करते, कारण अशा आगी आणखीही लागत असणार आणि त्याही याच कारणांनी कोणाच्या वहीत येत नसणार. मुलं घाबरून गप्प बसतात, मालक धंद्यापायी, शेजारी भिडेपोटी. ज्या आगीत कोणी दगावत नाही ती पुढच्या आगीची सूचना असते. ती सूचना आम्ही सगळ्यांनी मिळून रंगाच्या एका हाताखाली झाकली.

आता कुलुपाबद्दल. बाहेरून कुलूप लावणारा मालक दुष्ट असतो असं मला वाटत नाही. पुष्कळदा हे कुलूप आईवडीलच मागतात. मुलीला सोडायला आलेले वडील खोली बघतात, नळाला पाणी येतं का बघतात, आणि जाताना हळूच विचारतात, “रात्री दार बंद असतं ना?” मालक अभिमानाने सांगतो, साडेदहानंतर कोणी आत येत नाही, कोणी बाहेर जात नाही. वडिलांचा जीव भांड्यात पडतो. मलाही मुलगी आहे. मला त्या वडिलांचं मन कळतं. पण चोराला बाहेर ठेवणारं दार आणि मुलींना आत कोंडणारं दार ही दोन वेगळी दारं आहेत. बाहेरून किल्ली लागेल आणि आतून नुसती मूठ फिरवली की उघडेल असं लॅच बाजारात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मुली रात्री बाहेर जातील ही भीती असेल तर दाराला घंटी लावा, खाली कॅमेरा लावा, वहीत सही घ्या. कुलूप हा त्या भीतीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, म्हणून तो सगळीकडे आहे.

देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत, आगीसाठी सबंध चौथा भाग आहे. बाहेर पडण्याचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. म्हणजे मी काही नवं मागत नाही.

चंडीगडमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये मुलींच्या पीजीला आग लागली आणि तीन मुली गेल्या. सुरतेत २४ मे २०१९ ला क्लासच्या इमारतीत २२ विद्यार्थी गेले. जिना आगीत सापडला आणि वर असलेल्या मुलांना खाली यायला दुसरी वाट नव्हती. मुलं वरून उड्या टाकतानाचं ते दृश्य आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लांबचं कशाला, २०२५ च्या दिवाळीत आपल्याच वाशीच्या सेक्टर १४ मध्ये उंच इमारतीत मध्यरात्री आग लागून चारजण गेले, त्यात सहा वर्षांची मुलगी होती. त्याच सुमारास कामोठ्यात आई आणि मुलगी घरातल्या आगीत गेल्या. प्रत्येक आगीचं कारण निराळं असतं, पण मृत्यू पुष्कळदा बाहेर पडायला वाट न सापडल्यामुळे होतो. म्हणून मी वायरीच्याही आधी वाटेबद्दल बोलते आहे.

वायरीचं आता यजमानांच्या तोंडून ऐकलेलं लिहिते. या भागातली बरीच घरं चारजणांच्या कुटुंबासाठी वायरिंग केलेली आहेत. दोन-तीन पंखे, ट्यूब, टीव्ही, फ्रिज, फार तर गीझर. त्याच घरात आता नऊ किंवा बाराजण राहतात. प्रत्येकाचा लॅपटॉप, प्रत्येकाचा मोबाइल, चार इस्त्र्या, दोन किटल्या, एक इंडक्शन. भिंतीवरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टने हिशेब केला तर १,३८० वॉट. पाणी तापवायचा रॉड १,५०० वॉटचा, इंडक्शन २,००० च्या आसपास. मुलं मोठ्या पिनला कन्व्हर्टर लावून हे सगळं छोट्या सॉकेटवर, नाहीतर एक्स्टेंशनवर चालवतात. एका बोर्डावर इंडक्शन आणि किटली एकदम लागली की पंधरा अँपिअर होतात. बोर्ड तापतो, आणि त्यावर कोणीतरी टॉवेल वाळत टाकलेला असतो.

मग एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका, पडते. पडायलाच हवी, ती त्याचसाठी असते. पण ती रोज पडायला लागली की मालक यजमानांना बोलावतात आणि सांगतात, “जरा मोठी एमसीबी बसवून द्या, सारखी कटकट नको.” १६ ची काढून ३२ ची बसवायची. वायर तीच, दीड किंवा अडीच एमएमची. म्हणजे आता वायर तापून तिचं आवरण वितळलं तरी एमसीबी जागची हलणार नाही. यजमान याला पोराचा ताप मोजायचा थर्मामीटर फोडून टाकणं म्हणतात. ते हे काम करत नाहीत. त्यापायी त्यांची दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. जो करून देतो त्याला तासाभराचे पैसे मिळतात आणि घरात कटकट थांबते. आयुक्तसाहेब, आपली माणसं एखाद्या पीजीत गेलीच तर आग विझवायचा सिलिंडर भिंतीवर आहे की नाही एवढं पाहून परत येऊ नयेत. डीबी, म्हणजे या खटक्यांची पेटी, उघडून एमसीबीवरचा आकडा आणि त्यातून निघणारी वायर बघावी. दोन मिनिटांचं काम आहे, आणि घराची खरी अवस्था तिथे कळते.

यावर बहुतेक मालकांचा उपाय म्हणजे बंदी. रॉड बंद, किटली बंद, इंडक्शन बंद, सापडलं तर दंड. भिंतीवर तसा कागद चिकटवलेला असतो. त्याने वस्तू जात नाहीत, लपतात. पलंगाखाली, कपाटात, गादीमागे, म्हणजे आग लागायला सगळ्यात वाईट जागी. मी खानावळवाली आहे, म्हणून मला याचं मूळ दिसतं. माझा रात्रीचा डबा साडेसातला पोचतो. मुलं अभ्यास करत दोन-दोन वाजेपर्यंत जागतात. अकराला परत भूक लागते. दार बंद, खाली जाता येत नाही, मग मॅगी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकरचं लेक्चर किंवा हॉस्पिटलची ड्यूटी असते आणि नऊजणींत एक गीझर, मग रॉड. ही मुलं बेजबाबदार नाहीत. भुकेली असतात आणि थंडीने कुडकुडत असतात. प्रत्येक पीजीत स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, नीट वायर ओढून, १६ अँपिअरचे दोन पॉइंट द्या, त्यावर एक इंडक्शन आणि एक किटली सगळ्यांत मिळून उघडपणे ठेवा. खोल्यांतल्या लपवालपवीची गरजच उरणार नाही. मी तर आता ज्यांना हवा त्यांना रात्रीसाठी वेगळा कोरडा डबा देते, दशम्या नाहीतर चिवडा. तेवढाच एक रॉड, एक किटली कमी पेटत असेल.

मुलग्यांच्या खोल्यांतून पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर असतो, तोही पलंगाशेजारी. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि ही मुलं जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. रात्री रेग्युलेटर बंद करायचा, वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीही करायचं नाही, आधी खिडक्या उघडायच्या. हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. या मुलांना शिकवायला घरातलं कोणी मोठं माणूस त्या खोलीत नसतं.

जिन्याचं एक सांगते आणि कायद्याकडे येते. अकरापैकी सात इमारतींत मीटरची पेटी जिन्याखाली आहे आणि तिच्यासमोर स्कूटर लावलेल्या असतात. दोन ठिकाणी विजेवरची स्कूटर तिथेच चार्जिंगला लागते. उतरायचा जिना एकच. आग तिथे लागली तर धूर धुरांड्यातून चढावा तसा त्या जिन्याने वर जाईल. जिन्याच्या चौकात चपलांचे रॅक, जुनी कपाटं, एका ठिकाणी तर मोडका सोफा. हे सोसायटीच्या लोकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीच ठेवलेलं असतं. पीजीच्या मुलांना नावं ठेवायची आणि जिना आपणच अडवायचा, हे बरोबर नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यात आगीपासून बचावाची व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, परवाना असलेल्या एजन्सीकडून तपासून घेऊन, व्यवस्था चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र अग्निशमन दलाला द्यायचं असतं. सोसायट्यांचे सेक्रेटरी त्याला फॉर्म बी म्हणतात. चांगली तरतूद आहे. पण ती इमारतीच्या यंत्रणेची झाली. पंप, पाइप, सिलिंडर. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात नऊजणी झोपतात आणि त्यांना बाहेरून कुलूप आहे, हे कुठल्या फॉर्मवर येणार? इमारत संहितेत कुटुंबांच्या सदनिका आणि वसतिगृहासारख्या निवासाच्या जागा हे वेगळे प्रकार मानले आहेत, कारण अनोळखी माणसं एकत्र झोपतात तिथला धोका वेगळा असतो. आमच्या गल्लीत मात्र कागदावर कुटुंबाची सदनिका आणि प्रत्यक्षात वसतिगृह.

म्हणून पहिल्यांदा मोजणी व्हावी. कुठल्या घरात किती विद्यार्थी झोपतात याची नोंद, प्रभागाप्रमाणे. नेरूळ गाव, घणसोली, कोपरखैरणे गाव इथल्या गरजेपोटी, म्हणजे शहरासाठी जमिनी गेलेल्या गावकऱ्यांनी परवानगीशिवाय, बांधलेल्या घरांतही खूप मुलं राहतात. तिथे दोन इमारतींत हातभर अंतर असतं आणि बंब गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. ती घरं नियमित की अनियमित हा वाद मोठा आहे आणि त्यात प्रकल्पग्रस्तांची खरी दुखणी आहेत. पण तो मिटेपर्यंत आत झोपलेल्या मुलांना मोजायचंच नाही असं होऊ नये. खारघर, कामोठे पनवेल महापालिकेत येतात, हे मला माहीत आहे. तिथल्या मुलांचंही हेच आहे, म्हणून या पत्राची प्रत तिकडेही पाठवते आहे.

मोजणी करताना एक विनंती हात जोडून. धाड घालू नका. नोटीस आली की मालक पहिलं काम काय करतो, तर मुलांना दोन दिवसांत खोली खाली करायला सांगतो. परीक्षेच्या तोंडावर बॅगा घेऊन रस्त्यावर आलेली पोरं मी पाहिली आहेत. ती मग आणखी स्वस्त, आणखी कोंदट जागेत जातात. नोंद करणाऱ्याला सुधारणेसाठी तीन महिने द्या, आणि नोंद लपवणाऱ्यावर कारवाई करा. फक्त कुलुपाला तीन महिने देऊ नका. ते त्याच दिवशी निघालं पाहिजे, आणि ग्रिलच्या एका भागाला आतून उघडणारी झडप पंधरवड्यात बसली पाहिजे. कुठलाही वेल्डर ती अर्ध्या दिवसात करून देतो.

प्राचार्यांना माझं सांगणं आहे की मुलगी कॉलेजच्या फाटकाबाहेर पडली म्हणून तिची काळजी तिथे संपते असं कृपया मानू नका. प्रवेशाच्या फॉर्मवर तुम्ही कायमचा पत्ता घेता, स्थानिक पत्ताही घेता. त्याच्याखाली तीन ओळी वाढवा: एका घरात किती जण, दार आतून किल्लीशिवाय उघडतं का, जिने किती. तीन प्रश्न विचारल्यानेच मूल पहिल्यांदा आपल्या दाराकडे त्या नजरेने बघेल. ज्या पीजीचं उत्तर “नाही” येईल त्याची यादी अग्निशमन दलाला द्या, आणि ब्रोकरांचे बोर्ड आपल्या फाटकासमोर लागतात तिथेच ती यादी लावा.

माझ्याकडे जेवणारा एक मुलगा आहे, त्याला नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात जायचं आहे. त्याने मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहाला १९ जानेवारी २००० ला पहाटे आग लागली. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. तिथे अलार्म होता, वाजलाही. पण आधी तो इतक्यांदा खोटा वाजला होता की बरीच मुलं उठलीच नाहीत. त्याच वर्षी त्या राज्याने वसतिगृहांत पाण्याचे स्प्रिंकलर बसवणं सक्तीचं केलं. पुढे २००८ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेतल्या कॉलेजांना आपल्या वसतिगृहांतल्या प्रत्येक आगीची वही ठेवावी लागते आणि दरवर्षी अहवाल जाहीर करावा लागतो. गादी जळाली, कोणाला काही झालं नाही, तरी नोंद. मला त्यांच्या स्प्रिंकलरपेक्षा ती वही मोलाची वाटली. आमच्या इमारतीतल्या त्या रात्रीची नोंद अशा वहीत असती तर मालकाला जाड कोयंडा बसवायचं धाडस झालं नसतं. आपली कॉलेजं निदान आपल्या स्वतःच्या हॉस्टेलपासून अशी वही सुरू करू शकतात. त्याला ना परवानगी लागते ना निधी.

अग्निशमन दलाला एक सांगायचं आहे, तेही फार आदराने. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, त्यात ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आपण एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताह पाळता, प्रात्यक्षिकं दाखवता. तो पाळायलाच हवा. पण एप्रिलमध्ये कॉलेजची मुलं परीक्षेत असतात आणि नंतर गावी जातात. नवी मुलं येतात ती जुलै ते सप्टेंबर. आल्यावर पहिल्या महिन्यात नव्या मुलीला आपल्या इमारतीचा जिना डावीकडे आहे की उजवीकडे हे अंधारात सांगता येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रात्यक्षिकं ऑगस्टमध्ये घ्या. मैदानावर टायर पेटवून नको, त्यांच्या राहत्या इमारतीत घ्या, रात्री नऊला, दिवे घालवून. जमिनीलगत वाकून चालायचं, बंद दाराला हाताची मागची बाजू लावून गरम आहे का बघायचं, मागचं दार ओढून घ्यायचं, खाली एका ठरलेल्या जागी जमून डोकी मोजायची. वीस मिनिटं लागतील. मुलं ऐकतात, मी खात्रीने सांगते. त्या रात्रीनंतर मी माझ्या सगळ्या डब्यांवर एक चिठ्ठी लावली होती: १०१ आणि ११२, आणि “आधी बाहेर, मग फोन.” आजही दोन-तीन घरांत ती फ्रिजवर चिकटवलेली दिसते.

बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत असावा, असाही आदेश काढा. एका मुलीच्या एका महिन्याच्या भाड्यात घरभर बसून पैसे उरतील. मालकांना ते परवडतं.

आणि जे आईवडील हे वाचत असतील त्यांना: मुलांना सोडायला याल तेव्हा एकदा दिवसाउजेडी नाही, रात्री अकराला त्या दाराशी उभे राहा. आतून उघडून बघा.

आमच्या मागच्या इमारतीतली ती लातूरची मुलगी आता इंटर्नशिपला गेली. जळालेल्या मार्कशीटच्या दुसऱ्या प्रती काढायला तिच्या मैत्रिणीला बोर्डाच्या ऑफिसात चार खेपा घालाव्या लागल्या. त्या खोलीत यंदा नवीन मुली आल्या आहेत, आठजणी, दोघी तर जेमतेम अठराच्या. भिंतीला रंग दिलेला आहे, काही कळत नाही. मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, बोर्ड पलंगामागे ठेवू नका. कुलुपाचं त्यांच्या हातात काही नाही.

आत्ता रात्रीचे साडेनऊ झालेत. मी भांडी आवरून हे लिहायला बसले आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या खोलीतला दिवा दिसतो. अजून तासाभराने केअरटेकर येईल. किल्ली तो घेऊन जातो ते घर मला माहीत आहे, जिना कुठून आहे तेही माहीत आहे. आपल्याकडून कोणी अधिकारी येणार असतील तर कुठल्याही दिवशी, दुपारी तीननंतर किंवा रात्री नऊनंतर, मी आणि माझे यजमान सोबत येऊन अकराही घरं दाखवू.

आपली,
नेरूळमधली एक खानावळ चालवणारी बाई